हिरवळीचे ठिगळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील माधवगंजातून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चार पानी असून त्यातील साडेतीन पाने घरच्या वर्तमानाची आहेत. ती आम्ही आवडीने वाचली. परंतु ती येथे देण्याचे प्रयोजन नाही. उरलेल्या अर्ध्या पानात त्यांनी जो प्रश्न घातला आहे तो मात्र अनेकांच्या अंगणातला आहे, म्हणून त्याचे उत्तर खासगी पत्राने न देता या सदरातून देण्याचे आम्ही ठरविले.

त्यांच्या घरापुढे वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशी हिरवळ आहे. ती त्यांच्या सासऱ्यांनी गावाबाहेरून दूब आणून लावली होती. आता तिला तीन ठिकाणी टक्कल पडले आहे. एक, फाटकापासून ओट्यापर्यंत. दुसरे, कडुनिंबाच्या झाडाखाली. आणि तिसरे, गेल्या वर्षी घराच्या डागडुजीसाठी वाळू व सिमेंट जेथे रचून ठेवले होते तेथे. येत्या नोव्हेंबरच्या अखेरीस नातीचा साखरपुडा याच अंगणात व्हावयाचा आहे. माळी म्हणतो, तयार गवताचे रोल आणून अंथरू, चार दिवसांत अंगण नवे दिसेल. चिरंजीवांनी दिल्लीहून विलायती बियांचे पाकीट आणले आहे. यजमान सेवानिवृत्त शिक्षक. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. वैद्यांनी सकाळ-संध्याकाळ चालावयास सांगितले आहे आणि ते चालतात ते या हिरवळीवरच. उघड्या जागी पावसात चिखल होतो, पाय घसरतो. पेन्शनीतून खर्च करावयाचा, तेव्हा तो एकदाच व्हावा. बी घ्यावे की रोल, एवढेच बाईंना हवे आहे.

आमचे उत्तर असे की, तीन टकलांना तीन निरनिराळी कारणे आहेत आणि त्यांतील दोहोंना बीही लागू नाही व रोलही लागू नाही. बाजारात जाण्यापूर्वी गवत कशाने गेले ते पाहावयास हवे. ते न पाहता वर काहीही घातले तरी ते पुढच्या वैशाखात त्याच जागी, त्याच आकाराने पुन्हा जाईल.

फाटकापासून ओट्यापर्यंतचा पट्टा यजमानांच्याच पावलांनी उघडा पडला आहे, हे बाईंच्या पत्रातूनच उघड होते. त्यांनी तसे लिहिले नाही, पण टकलाची रुंदी दीड फूट सांगितली आहे. रोज दोन वेळा, एकाच ओळीत, काठी टेकीत चालणारा मनुष्य त्या ओळीवर गवत राहू देणार नाही. पावलाने पाने तुटतात हा त्यातला लहान भाग. खरा अपाय जमिनीला होतो. ती दाबली जाऊन तिच्यातील हवेची पोकळी नाहीशी होते, पाणी खाली मुरत नाही आणि मुळे गुदमरतात. विणकामाची जाड सुई घेऊन ओल्या जमिनीत टोचून पाहावी. चांगल्या गवताखाली ती सहज चार इंच जाईल आणि त्या पट्ट्यात एक इंचावर अडेल. तेथे रोल अंथरला तर तो महिनाभर शोभेल, कारण तो आपल्या अंगच्या मातीवर जगेल. त्याची मुळे खाली उतरणार नाहीत. बी टाकले तर, वाटेवर पडलेल्या बियाचे काय होते हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको.

तेथे फरशी घालावी. ग्वाल्हेरात दगडाला तोटा नाही. तेथील फिकट रंगाचा वालुकाश्म दूरदूर जातो. दीड-दोन फुटी, वरून खडबडीत असलेल्या फरशा वाळूच्या थरावर जमिनीच्या पातळीस बसवाव्यात. त्या उंच ठेवल्या तर ठेच लागेल व खोल गेल्या तर पाणी साचेल. अर्धांगातून उठलेल्या मनुष्याचा एक पाय थोडा ओढला जातो, त्यामुळे दोन फरशांमध्ये फट ठेवून पावलांच्या अंतरावर दगड मांडण्याची जी रीत बागांतून दिसते ती येथे उपयोगाची नाही. फरशा सलग हव्यात. या खर्चात आम्ही काटकसर सुचविणार नाही. गवत गेले तर पुन्हा येते. या वयात पाय घसरून मांडीचे हाड मोडले तर ते पूर्ववत होणे कठीण. साखरपुड्याच्या दिवशी पाहुणेही याच वाटेने येतील आणि उरलेली हिरवळ वाचेल.

आता कडुनिंबाखालची जागा. दुबेला सावली सोसत नाही. दिवसातून सहा तास तरी थेट ऊन मिळाले नाही तर ती विरळ होत जाते, तिची पेरे लांबतात आणि शेवटी माती दिसू लागते. झाडाच्या खालच्या एक-दोन फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरविल्या तर कडेचा भाग परत येईल. बुंध्याजवळचा येणार नाही. तेथे बुंध्याभोवती सुबक आळे करून त्यात सावलीत वाढणारी एखादी वेल अगर शोभेची पाने लावावीत, किंवा नुसते आळे स्वच्छ ठेवून त्यात पालापाचोळा पसरावा. निंबाखाली गवत हवेच हा हट्ट कोणी आणि का धरला हे आम्हांस कळत नाही. निंबाखाली बाज टाकतात.

राहिली तिसरी जागा. बी की रोल हा प्रश्न खरोखर येथेच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

प्रथम गवताची ओळख पटली पाहिजे. बाईंच्या सासऱ्यांनी जी दूब लावली तीच महाराष्ट्रातील हरळी, आणि गणपतीला एकवीसच्या जुडीने वाहतात ती दूर्वाही तीच. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. दख्खनच्या काळ्या रानात हीच हरळी शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो. तिचा काशा खणून काढण्यात त्याचा हंगाम जातो. आणि शहरातला मनुष्य तीच वस्तू चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो! शेतकऱ्याला जे छळते तेच आपल्या उपयोगाचे आहे. तिचे धावते खोड जमिनीवरून व जमिनीखालूनही पसरते आणि प्रत्येक पेराशी मूळ धरते. दूर्वेची स्तुती करणाऱ्या प्राचीन मंत्रातही ती पेरापेरातून फुटते हेच तिचे लक्षण सांगितले आहे. मंत्रकर्त्यांनी बागकामाची पुस्तके वाचली नव्हती. त्यांनी अंगणात पाहिले होते.

दिल्लीच्या पाकिटावर चित्र विलायती हिरवळीचे आहे आणि नाव राय गवताचे आहे, असे बाई लिहितात. राय हे थंड हवेचे गवत. विंबल्डनच्या टेनिस मैदानांवर २००१ पासून सर्वस्वी बहुवर्षायू रायच पेरले जाते आणि तेथे ते उत्तम आहे, कारण त्याला १५ ते २४ अंशांची हवा मानवते. ग्वाल्हेरात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. ऑक्टोबरात पेरलेले राय आठ-दहा दिवसांत उगवेल, हिवाळाभर डोळे निववील आणि एप्रिल संपण्यापूर्वी वाळून जाईल. त्याचा एक उपयोग आहे. थंडीत दूब पिवळी पडते तेव्हा तिच्यावर राय पेरून तीन-चार महिने हिरवेपणा राखतात. परंतु मग उन्हाळ्याच्या तोंडी दुबेला उठण्यास उशीर होतो. कायमच्या दुरुस्तीसाठी ते पाकीट निरुपयोगी आहे. चिरंजीवांना हे सौम्यपणे सांगावे. त्यांचा हेतू चांगला होता.

दुबेचेही बी मिळते. ते इतके बारीक असते की एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे भरतात. चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम पुरे. दुप्पट कोरड्या वाळूत मिसळून, एकदा उभे व एकदा आडवे, असे ते फेकावे. वर पाव इंचाहून अधिक माती घालू नये आणि फळीने हलके दाबावे. जमीन उबदार असेल तर एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. तोवर मुंग्या दाणे वाहून नेतात, चिमण्या टिपतात, आणि एक दांडगी सर आली की सर्व बी अंगणाच्या उताराच्या कोपऱ्यात गोळा होते. ग्वाल्हेरचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत आणि तोही सरींनी पडतो, ही गोष्ट लक्षात घ्यावी. बी स्वस्त आहे, मोठ्या जागेस ते शोभते. पण त्यामागे रोज दोन-तीन वेळा झारी घेऊन उभे राहणारा मनुष्य हवा. कोंब फुटल्यावर एक दुपार जरी माती सुकली तरी ते गेले.

आणखी एक अडचण आहे, ती बाईंच्या घरी नाही, पण इतर वाचकांच्या घरी असेल. हल्लीच्या पुष्कळ हिरवळी साध्या दुबेच्या नसून संकरित वाणांच्या असतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या संशोधकाने आपली दूब आणि तिची एक आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून बारीक पानांची गवते काढली. टिफग्रीन १९५६ साली, टिफवे १९६० साली आणि टिफड्वार्फ त्यानंतर थोड्याच वर्षांत प्रसिद्ध झाली. खेचराला जशी संतती नाही तसे या संकरित गवतांना बी धरत नाही. अशा हिरवळीच्या टकलात साध्या दुबेचे बी टाकले तर ते उगवेल, परंतु पान रुंद व रंग निराळा येऊन ठिगळ जन्मभर ओळखू येईल. जरीच्या शालूला मांजरपाटाचा तुकडा लावल्यासारखे ते दिसेल. तेथे त्याच वाणाचा तुकडा लावणे, हाच मार्ग.

आता रोल. त्याच्या बाजूने जेवढे बोलावयाचे तेवढे आम्ही बोलू. तो ताबडतोब दिसतो. उतारावर, जेथे बी वाहून जाते, तेथे तो टिकून राहतो. ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांचे त्यावाचून चालत नाही. क्रिकेटच्या मैदानाचे उदाहरण घ्या. ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियममध्ये २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा काढल्या, त्यांत २५ चौकार होते. ज्या मैदानावर चेंडूने गवतावरून धावावयाचे ते मैदान पुढच्या सामन्यापूर्वी बी उगवण्याची वाट पाहत बसू शकत नाही. म्हणून जाणते मैदानपाल बाजूस त्याच गवताचा एक वाफा राखून ठेवतात आणि टक्कल पडेल तेथे त्यातला तुकडा कापून बसवितात. ग्वाल्हेरकरांना दुसरे उदाहरण तर घराजवळच सापडेल. तेथील मॅरेज गार्डने लग्नसराईत रात्रीमागून रात्री गालिच्यांखाली व खुर्च्यांखाली गवत चिरडतात आणि पुढच्या मुहूर्तापूर्वी नवे अंथरतात. त्यांचा तो धंदा आहे, खर्च यजमानाच्या बिलात जातो. सेवानिवृत्त शिक्षकाला ते बिल कोणाला पाठविता येणार?

पैशाची गोष्ट सोडली तरी रोलच्या पोटात काय येते ते पाहिले पाहिजे. त्याबरोबर परक्या शेताची माती येते, आणि त्या मातीत लव्हाळ्याच्या, म्हणजे नागरमोथ्याच्या, गाठी असू शकतात. लव्हाळा एकदा अंगणात आला की उपटून जात नाही. वरची पात हातात येते आणि गाठ खाली राहते. म्हणून रोल घ्यावयाचाच तर तो नर्सरीत उलटा करून पाहावा, काळपट गाठी दिसल्यास घेऊ नये. दुसरे असे की, गुंडाळलेला रोल आतून तापतो. सकाळी कापलेला त्याच संध्याकाळपर्यंत बसला पाहिजे. उन्हाळ्यात तर काही तासांतच. टेम्पोत दोन दिवस प्रवास केलेला रोल पिवळा पडला असेल तर तो स्वस्तातही महाग. आणि बसविल्यावर दोन-तीन आठवडे त्यावर कोणी चालता कामा नये. माळ्याचे चार दिवस हे डोळ्यांचे चार दिवस आहेत, मुळांचे नव्हेत.

बाईंच्या तिसऱ्या टकलासाठी आम्ही सुचवितो तो उपाय बी आणि रोल या दोहोंच्या मधला आहे आणि त्याला बाजारात जावे लागत नाही. हिंदुस्थानातील जुने माळी हिरवळ याच रीतीने करीत आले. आपल्याच हिरवळीच्या दाट कडेची दूब मुळासकट काढावी, तिचे दोन-तीन पेरे असलेले तुकडे करावेत आणि तीन-तीन इंचांवर तिरपे टोकावेत; एखादे पेर मातीखाली व एखादे वर राहील असे. वाण तोच, रंग तोच, खर्च जवळजवळ शून्य. पाऊस धरल्यावर लावले तर दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात टोकणी झाली तर सप्टेंबरअखेर टक्कल दिसणार नाही आणि साखरपुड्याला त्यापुढेही दोन महिने उरतील. ज्या कडेतून दूब काढली ती कडही पावसात भरून येते.

दुसरी एक रीत आम्हांस अधिक आवडते, कारण ती आपल्या सारवणाची सख्खी बहीण आहे. दुबेचे बोटभर तुकडे, बागेतली माती आणि ताजे शेण पाण्यात कालवून दाट काला करावा, तो खणलेल्या ओल्या जमिनीवर इंचभर जाडीने थापावा, वर थोडी कोरडी माती पसरून पाणी शिंपडावे. ज्या हातांनी कधी काळी ओटा सारविला असेल त्या हातांस हे शिकवावे लागणार नाही, आणि वाकून एकेक तुकडा टोकण्याचे श्रमही वाचतात.

परंतु काहीही करण्यापूर्वी ती जागा खणली पाहिजे. सिमेंट सांडून पावसात भिजले असेल तर वर कठीण पापुद्रा बसला असेल आणि मातीत चुनखडीचा अंश वाढला असेल. सहा-सात इंच खोल खणून सिमेंटचे खडे व पांढरट माती टोपल्यांनी बाहेर काढावी. खड्ड्यात दोन भाग पोयटा व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. कच्चे शेणखत मुळीच नको, त्याला वाळवी व हुमणी लागते. भरल्यावर पाणी देऊन आठवडाभर बसू द्यावे, खचेल तेथे पुन्हा भर घालावी, मग दाताळ्याने सपाट करावे. श्रमाचे काम एवढेच आहे. मजुराच्या एका दिवसाचे पैसे येथे द्यावेत. रोलवर खर्चावयाचे ठरविले होते त्याच्या थोड्या अंशात ते भागेल.

ही तीन कारणे ज्यांच्या अंगणात नाहीत त्यांनी टकलाच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढून पाहावे. ते सतरंजीसारखे उचलून आले तर खाली हुमणीने मुळे खाल्ली आहेत. आधी तिचा बंदोबस्त. मध्ये वाळलेले वर्तुळ व भोवती गडद हिरवे कडे दिसले तर तो कुत्र्याचा प्रताप. ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

पाण्याचा हिशेब बाईंनी विचारला नाही, पण तो करावयास हवा. ग्वाल्हेर शंभर वर्षांहून जुन्या तिघरा धरणाचे पाणी पिते आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी शहराला एक दिवसाआड पाणी मिळाल्याचा अनुभव ताजा आहे. तिसरे टक्कल सहा फूट लांब व सहा फूट रुंद, म्हणजे साडेतीन चौरस मीटरांहून थोडे कमी आहे. एका चौरस मीटरवर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ५ लिटर. दिवसातून दोनदा दिले तरी सुमारे ३५ लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी साठविले तर त्यातील बराच भाग निघेल. साबणाचे पाणी मात्र नको. पावसाळ्यात टोकणी केली तर पुष्कळ दिवस ह्याही बादल्या लागणार नाहीत. हेच काम मे महिन्यात रोल अंथरून केले असते तर पाण्याचा आकडा कितीतरी वाढला असता, आणि शेजारी नळाशी भांडी घेऊन उभे असताना आपण गवतावर पाणी सोडणे दिसण्यासही बरे नाही.

नवे गवत अडीच-तीन इंच झाले की पहिली कापणी करावी. उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक एका वेळी कापू नये, आणि पाते धारदार असावे, बोथट पात्याने कोवळी मुळे उपटून येतात. साखरपुड्याला मांडव घालावयाचा असेल तर खांब फरशीच्या कडेस रोवावेत आणि गवतावर प्लॅस्टिकची ताडपत्री पसरू नये. सतरंजी अंथरली तर ती त्याच रात्री उचलावी. पुढे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा उतरला की सगळी हिरवळ, जुनी व नवी, पिवळी पडेल. तेव्हा माळी रोलचा विषय पुन्हा काढील. दुबेचे एखादे पेर नखाने खरवडून त्याला दाखवावे; आतून ते ओले व पांढरट असले तर ती झोपली आहे. होळीपर्यंत तिला खतही नको आणि फार पाणीही नको.